पाणबुड्याची सुरी

मागच्या महिन्यात एका रात्री नातीचा फोन आला. तारकर्लीला जाऊन तिने स्कूबा डायव्हिंगचा पहिला कोर्स केला त्याला आता दीड वर्ष झालं. आता मैत्रिणींबरोबर अंदमानला जायचं चाललंय. म्हणाली, "आजोबा, एक सुरी घ्यायची आहे. पाण्यात न्यायला. कुठली घेऊ?" मी जन्मभर इतिहास आणि मराठी शिकवलं. पोहता येतं ते गावच्या विहिरीपुरतं. हा प्रश्न मला का, असं विचारलं तर म्हणाली, "तुम्ही वाचून सांगाल ना. दुकानदार सगळ्याच चांगल्या म्हणतो."

इतिहासाच्या मास्तराला 'कुठली सुरी घेऊ' असं विचारलं की तो 'सुरी आली कुठून' इथून सुरुवात करणार, हे तिला ठाऊक असायला हवं होतं. तीन आठवडे वाचत होतो. तिला फोनवर सांगायला गेलो तर दहा मिनिटांत तिची मीटिंग सुरू झाली. म्हणून इथे लिहितो. तीही वाचेल, आणि तुम्हीही वाचा.

ऑपियन नावाच्या ग्रीक कवीचं मासेमारीवर एक लांबलचक काव्य आहे, इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातलं. त्याच्या अगदी शेवटी समुद्रातला स्पंज कापून आणणारा पाणबुडा येतो. त्याच्या कमरेला लांब दोर बांधलेला, एका हातात जड शिसं, दुसऱ्या हातात धारदार विळा आणि तोंडात तेलाची गुळणी. शिशाच्या वजनाने तो तळाशी जातो, तेल सोडतो, त्याने खालचं जरा स्पष्ट दिसतं, मग विळ्याने स्पंज कापतो आणि दोराला हिसका देतो. वरचे लोक त्याला ओढून घेतात. पाण्याखाली हत्यार नेणाऱ्या माणसाचं इतकं बारकाईचं वर्णन त्याच्या आधीचं माझ्या तरी वाचनात नाही.

यात एक गोष्ट बघण्यासारखी आहे. विळा आहे तो कामासाठी. जीव वाचवायचा तो दोराने. हत्यार पोटासाठी आणि दोर प्राणासाठी, अशी सरळ वाटणी.

कोरियात जेजू नावाचं बेट आहे. तिथल्या हेन्यो बायका आजही नळी-टाकी काही न घेता, नुसता श्वास धरून समुद्रात बुड्या मारतात. २०१६ मध्ये युनेस्कोने त्यांच्या परंपरेची नोंद घेतली. त्यांच्याकडे शेवाळ कापायला लहान विळा असतो आणि खडकाला चिकटलेले शिंपले उचकटायला लोखंडाची चपटी पट्टी. पट्टी हातातून सुटू नये म्हणून तिला मनगटाभोवतीचा पट्टा असतो. पण त्या मोठ्या शिंपल्याखाली पट्टी घातली आणि त्याने अंग आवळून खडकाला घट्ट धरलं, तर पट्टी अडकते आणि पट्ट्यामुळे हातही अडकतो. छातीत श्वास एकच. हरवू नये म्हणून बांधलेल्या हत्यारानेच माणसाला खाली धरून ठेवायचं, हे वाचून मी पुस्तक थोडा वेळ मिटून ठेवलं. हे पुढे पुन्हा येणार आहे.

आता एकदम एकोणिसाव्या शतकात येऊ. ऑगस्टस सीब हा मूळचा जर्मन कारागीर लंडनमध्ये स्थायिक झाला होता. त्याने १८३०च्या दशकात पितळी शिरस्त्राण आणि अंगभर बंद पोशाख असा पाणबुड्याचा वेष तयार केला. बुडालेल्या 'रॉयल जॉर्ज' या युद्धनौकेवर १८३९ पासून काही वर्षं जे मोठं काम चाललं त्यात तो नावाजला. पुढे अमेरिकन आरमाराने याच जातीचा पोशाख कित्येक दशकं वापरला. त्याचं सगळं मिळून वजन ८५ किलोच्या आसपास! एकेक बूटच आठ किलोचा. या माणसाला वरून पंपाने हवा यायची रबरी नळीतून, आणि कमरेला दोर होताच. म्हणजे वरच्या जगाशी त्याच्या दोन नाळा. बुडालेल्या जहाजाच्या दोरखंडांत आणि तुटक्या शिडांत त्या गुरफटल्या की संपलं. इथे पहिल्यांदा सुरीच्या अंगावर दुसरं काम आलं. ती आता सोडवणुकीसाठीही होती.

ती सुरी बघण्यासारखी असे. जाड, रुंद पातं, एक कड साधी आणि दुसरी करवतीसारखी दातेरी. मूठ लाकडाची. म्यान पितळेचं, आणि मूठ त्या म्यानात बरणीच्या झाकणासारखी फिरवून बसवायची. कारण उघड आहे. तेव्हाचं पोलाद खाऱ्या पाण्याला टिकणारं नव्हतं, आणि पाणबुडा वाकला, आडवा झाला तरी सुरी गळून पडता कामा नये. जाड हातमोज्यांतून, थंडीने बधिर झालेल्या बोटांनीही फिरवता यावी अशी ती रचना होती. ज्याने ती घडवली त्याने कधीतरी कुणाला तळाशी चाचपडताना पाहिलं असणार.

न गंजणाऱ्या पोलादाची गोष्ट १९१३ सालची, शेफिल्डच्या हॅरी ब्रिअर्लीची. तो बंदुकीच्या नळ्यांसाठी धातू शोधत होता आणि हाताला लागलं ते स्टेनलेस स्टील. त्याच्या सुऱ्या कराव्यात असं त्याने सुचवलं तेव्हा गावातल्या सुरीवाल्यांनी त्याची चेष्टा केली की याने न कापणारी सुरी शोधून काढली. चेष्टा होती खरी, पण तिच्यात तथ्यही होतं, आणि शंभर वर्षांनी माझ्या नातीच्या दुकानदारापर्यंत ते तसंच चालत आलंय. जे पोलाद समुद्रात अजिबात गंजत नाही ते सहसा मऊ असतं, धार धरत नाही. जे धार धरतं त्याच्यावर दुसऱ्या दिवशी तांबडे ठिपके दिसतात. टायटॅनियम गंजत नाही, हलकं असतं, लोहचुंबकाला दाद देत नाही (म्हणून सुरुंग निकामी करणाऱ्या पाणबुड्यांना त्याच्या सुऱ्या देतात), पण धारेच्या बाबतीत तेही पोलादापेक्षा डावंच. अलीकडे कार्बनऐवजी नायट्रोजनच्या बळावर कडक केलेलं एक जपानी पोलाद निघालंय, ते बरंचसं दोन्ही साधतं असं म्हणतात. किंमतही तशीच.

दुसऱ्या महायुद्धात जाळं हेच हत्यार झालं. बंदरात नांगरलेल्या युद्धनौकांभोवती लोखंडी तारांची जाळी सोडलेली असायची. सप्टेंबर १९४३ मध्ये नॉर्वेच्या खाडीत 'टिरपिट्झ' या जर्मन युद्धनौकेवर ब्रिटिशांनी छोट्या पाणबुड्यांनी हल्ला केला. या पाणबुड्यांत चारचार माणसं. त्यांतला एक जण पोशाख चढवून बाहेर पडायचा आणि पाण्याच्या दाबावर चालणाऱ्या कातरीने जाळीच्या तारा तोडायचा. प्रत्यक्ष हल्ल्यात गॉडफ्री प्लेसची 'एक्स-७' जाळ्यात अडकली ती अडकलीच. पुढे-मागे हिसके देऊन कशीबशी सुटली, सुरुंग ठेवून परतताना पुन्हा अडकली. अखेर पाणबुडी बुडाली, प्लेस कैद झाला आणि पुढे त्याला व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. कातर जवळ असणं आणि कातरीने सुटता येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

त्याच वर्षी, १९४३ च्या उन्हाळ्यात, फ्रान्समध्ये झाक-ईव्ह कुस्तो आणि एमिल गान्यँ या दोघांनी पाठीवरच्या टाकीतून श्वासागणिक हवा देणारं यंत्र जमवलं. दोर गेला, नळी गेली, माणूस माशासारखा मोकळा झाला. आता गंमत बघा. ज्या दोन नाळांच्या गुंत्यापायी सुरी आवश्यक झाली होती त्या दोन्ही तुटल्या. म्हणजे सुरी लहान व्हायला हवी होती. झालं उलटंच. ती वीतभर लांबीची, टोकदार, पोटरीला पट्ट्यांनी बांधलेली, खंजीरच म्हणा ना, अशी झाली.

याला कारण सिनेमा. अमेरिकेत १९५८ ते १९६१ या काळात 'सी हंट' नावाची टीव्ही मालिका गाजली. लॉईड ब्रिजेस तिचा नायक. त्यात दर दोन-चार भागांआड कुणीतरी कुणाच्या तरी हवेच्या नळ्या सुरीने कापायचा. मग १९६५ मध्ये जेम्स बाँडचा 'थंडरबॉल' आला. त्यातलं पाण्याखालचं छायाचित्रण 'सी हंट'च्याच लामार बोरेनचं. आम्ही कॉलेजातली मुलं तो दुसऱ्या की तिसऱ्या फेरीत, स्वस्तातल्या खुर्च्यांवर बसून पाहिला. शेवटी समुद्राच्या तळाशी नारिंगी आणि काळ्या पोशाखातल्या दोन फौजा सुऱ्या उपसून भिडतात. आमच्यातला एक जण बाहेर आल्यावर चार दिवस पोटरीला फूटपट्टी बांधून फिरत होता.

शार्कला सुरीने मारता येईल ही कल्पना त्यातलीच. शार्कच्या कातडीत ती शिरणार कशी आणि तोवर शार्क काय करत असेल, हे कुणी विचारलं नाही. टोकदार सुरीने जास्त जखमा झाल्या त्या बाळगणाऱ्यालाच. घाईने म्यानात घालताना स्वतःच्या पायाला, नाहीतर शेजाऱ्याच्या हवेच्या जाकिटाला. आता चांगल्या सुऱ्यांची टोकं चक्क बोथट असतात.

पण सुरी खरोखरी लागेल अशी वस्तू त्याच वर्षांत समुद्रात उतरत होती. तिचं नाव नायलॉन.

अमेरिकेत ड्यू पाँट कंपनीत वॉलेस कॅरोदर्सने १९३५ मध्ये नायलॉन तयार केलं. १९३८ मध्ये त्याचे दात घासायच्या ब्रशचे केस निघाले, १९४० मध्ये बायकांचे पायमोजे देशभर दुकानांत आले. मग गळाची दोरी आणि मग जाळी. आपल्याकडे जाळं सुताचं नाहीतर तागाचं असे. झाडाच्या सालीच्या काढ्यात बुडवून ते रंगवायचे, वाळवायचे, सारखी डागडुजी करायची. तरी ते कुजायचंच. नायलॉन कुजत नाही. पाण्यात दिसत नाही. ओढलं तर ताणतं पण तुटत नाही. कोळ्याला यापेक्षा काय हवं? आपल्याकडे त्या एकपदरी धाग्याला तंगूस म्हणतात.

इथे मला माझं एक सांगायला हवं. सांगावं की नाही असं दोन दिवस चाललं होतं.

१९७३ साली मी मालवणच्या बाजूला समुद्रकाठच्या एका शाळेत लागलो. पहिलीच नोकरी. वय बावीस-तेवीस, अंगात शिस्तीचं वारं. आठवीच्या वर्गात एक कोळ्याचा मुलगा होता, अभ्यासात बेताचा, पण नकाशा सुंदर काढायचा. एकदा तपासणीत त्याच्या अर्ध्या चड्डीच्या खिशात सुरी सापडली. मासे कापायची, झिजून बोटभर राहिलेली, मुठीला काथ्या गुंडाळलेला. वर्गात सुरी! मी हात पुढे करायला लावला आणि दोन्ही तळव्यांवर चार-चार छड्या मारल्या. तो एका शब्दाने बोलला नाही. सुरी मी टेबलाच्या खणात टाकली.

दुपारी आमच्या मुख्याध्यापकांनी मला बोलावलं. ते त्याच गावचे. म्हणाले, "तुम्ही नवीन आहात, तुम्हाला माहीत नसणार." दिवाळीच्या सुमारास त्या मुलाचा काका आणि तो होडीवर गेले होते. घरात पहिल्यांदाच नायलॉनचं जाळं आलेलं. संध्याकाळी जाळं सोडताना त्याचा एक फेरा काकाच्या घोट्याला बसला आणि बुडाच्या धोंड्यांबरोबर काकाही गेला. सुताचं असतं तर त्या गड्याने झटका देऊन तोडलं असतं, निदान फाडलं असतं. हे तंगूस. ते जेवढं ओढलं तेवढं मांसात रुतलं. मुलाने वरून जाळं खेचून खेचून काकाचा हात पाण्याबाहेर आणला होता. सुरी मात्र मिळेना.

मी खणातून सुरी काढली आणि त्याला व्हरांड्यात बोलावून परत दिली. काय बोलावं सुचेना. मास्तरांनी मुलाची माफी मागायची पद्धत तेव्हा नव्हती, आणि मी मागितलीही नाही. ही सुरी त्या होडीतलीच का, एवढंच विचारलं. तो खाली बघत म्हणाला, "होडयेत होती, मास्तर. पन गावाक नाय."

होती, पण सापडली नाही. ती फळीखाली, दोरांच्या वेटोळ्याखाली सरकली होती. होडी किनाऱ्याला लागल्यावर मिळाली. तेव्हापासून तो ती अंगावर बाळगत होता. दहावीला तो नव्हता, नववीतच शाळा सोडून होडीवर गेला. नंतर माझी बदली झाली.

तर आता परत पाणबुड्यांकडे. पोटरीवरच्या सुरीचं काय चुकतं ते मला त्या होडीवरून चटकन कळलं. पाय जाळ्यात अडकले तर पोटरीपर्यंत हात पोहोचणार कसा? जाड रबरी पोशाख, पाठीवर टाकी, पोटावर जाकीट, त्यात कमरेत वाकायचं. शिवाय पोटरीवरची सुरी हाच एक खुंटा झाला, तंगूस पहिल्यांदा अडकणार तिलाच. कॅलिफोर्नियात समुद्रात उंच शेवाळाची रानं आहेत. तिथले पाणबुडे म्हणूनच सुरी पायाच्या बाहेरच्या अंगाला न बांधता आतल्या अंगाला बांधत. पायातल्या पंखांच्या पट्ट्यांची लोंबती टोकंसुद्धा ते आत वळवून चिकटपट्टीने बंद करतात. पाठीमागे टाकीचा नळ असतो, सर्वांत जास्त अडकायची जागा तीच, आणि तिथे माणसाला डोळेही नाहीत.

हा विचार ज्यांनी सर्वांत कठोरपणे केला ते फ्लोरिडातले गुहांमध्ये बुड्या मारणारे लोक. त्यांतला शेक एक्सली मला फार जवळचा वाटला. जन्म १९४९ चा, म्हणजे माझ्याच बरोबरीचा, आणि पेशाने शाळामास्तर! हायस्कुलात गणित शिकवायचा. सुटीच्या दिवशी पाण्याने भरलेल्या काळोख्या गुहांत शिरायचा. विशी ओलांडून तीनच वर्षं झाली होती तेव्हा त्याच्या हजार बुड्या पुऱ्या झाल्या. गुहेत मेलेल्यांची प्रेतं बाहेर काढायलाही त्यालाच बोलावत. त्यातून त्याने मास्तराने करावं तेच केलं. माणसं का मरतात याची मांडणी केली आणि १९७९ मध्ये एक छोटं पुस्तक लिहिलं. खऱ्या अपघातांची हकिकत सांगायची आणि त्यातून नियम काढायचा, असं ते आहे. बाहेरच्या उजेडापासून आतपर्यंत दोरी अखंड हवी. हवेचा एक तृतीयांश जाताना, एक तृतीयांश येताना आणि एक तृतीयांश शिल्लक. दिवे तीन. वर्गात फळ्यावर लिहावेत असे नियम.

गुहेतली ती दोरी नायलॉनचीच, सुतळीपेक्षा बारीक. गाळ उसळला की हात डोळ्यांसमोर धरला तरी दिसत नाही, मग ती दोरी बोटांच्या कडीत धरून बाहेर यायचं. म्हणजे ऑपियनचा दोर पुन्हा आला, फक्त वर ओढणारं कुणी नाही. आणि सुरीचा प्रश्न इथे अवघड होतो. दोरीत गुंतलात तर कापायची. पण ती कापली तर बाहेरची वाट गेली, आपली आणि मागून येणाऱ्यांचीही. म्हणून त्यांची शिकवण अशी की आधी थांब, हलू नकोस, श्वास घे, आलास तसा मागे सरक, जोडीदाराला बघू दे. कापायचीच वेळ आली तर बाहेरच्या बाजूचं टोक आधी पकड, मग काप. अडकलेला माणूस स्वभावाने काय करतो? मागे वळून बघतो. त्या वळण्याने आणखी एक वेढा बसतो.

या लोकांनी पोटरीवरची खंजिरं काढून टाकली. चार बोटांचं पातं, छातीवर नाहीतर कमरपट्ट्यावर, मधोमध, दोन्ही हातांना पोहोचेल असं. काहींनी तर स्वयंपाकघरातली दातेरी सुरी अर्धी तोडून, टोक घासून म्यानात घातली. एक्सली स्वतः ६ एप्रिल १९९४ रोजी मेक्सिकोतल्या झाकातोन नावाच्या खोल कुंडात, विक्रमी खोली गाठायच्या प्रयत्नात गेला. पंचेचाळीस वर्षांचा होता. त्याच्या नियमांनी किती जण वाचले असतील, त्यांचा हिशेब कुठे मांडलेला नाही.

बुडालेल्या जहाजांत शिरणाऱ्यांची अडचण निराळी. १९५६ मध्ये 'आंद्रेया दोरिया' हे इटालियन प्रवासी जहाज अमेरिकेजवळ धडकेत बुडालं. त्याच्या आत छतातून विजेच्या केबली झुंबरासारख्या सुटून लोंबत होत्या, आणि त्या सुरीला दाद देत नाहीत. तिथे तार तोडायची पक्कड किंवा जाड कातरच हवी. (थोडं विषयांतर. १९९१ मध्ये न्यू जर्सीच्या समुद्रात सत्तर मीटर खोल एक अनोळखी जर्मन पाणबुडी सापडली. जॉन चॅटर्टन या पाणबुड्याला तिच्यात एक जेवणाच्या टेबलावरची सुरी मिळाली, लाकडी मुठीवर कुणीतरी हाताने 'होरेनबुर्ग' असं नाव कोरलेलं. ती 'यू-८६९' असल्याची खात्री पटायला १९९७ उजाडलं. होरेनबुर्ग तिच्यावरचा बिनतारी संदेशवाला. पन्नास वर्षं पाण्यात राहून त्याचा पत्ता सांगितला तो सुरीने. असो.)

आता नातीच्या प्रश्नाचं उत्तर. सुरी हे एकच उत्तर नाही, हे मला वाचता वाचता कळलं. तंगूस सैल असेल तर साध्या धारेवरून ते सरकतं, कारण ते ताणतं आणि बुळबुळीतही असतं. ते ताठ धरावं लागतं, आणि त्याला दुसरा हात लागतो. दातेरी धार बरी, ती धाग्याला धरून ठेवते. त्याहून बरी ती आकडी. विमानदळातल्या आणि छत्रीधारी सैनिकांकडे अडकलेल्या दोऱ्या कापायला असते तशी, खाचेत आत लपवलेलं पातं; धागा खाचेत शिरला की नुसतं ओढायचं. अंगाला, पोशाखाला, हवेच्या नळीला तिचं टोक लागत नाही. पण जाड दोर तिच्या खाचेत मावत नाही. आणि तिसरी कातर, अपघातात जखमीचे कपडे कापायला रुग्णवाहिकेत असते ती, बोथट नाकाची. ती तंगूस कापते, विणलेली नवी चिवट दोरी कापते, बारीक तारही कापते, आणि एका हाताने चालते. स्वस्त असते. तिची खीळ गंजते तेवढं बघावं लागतं.

म्हणून दोन वस्तू, वेगवेगळ्या जातीच्या, वेगवेगळ्या जागी. एक हरवली तर दुसरी. हातातून सुटू नये म्हणून दोरी बांधायची का? बांधणारे आहेत. मला जेजूच्या बायका आठवल्या. बांधलीच तर झटक्याने तुटेल अशी, आणि लोंबती नको.

मागच्या रविवारी नात घरी आली. दोन आकड्या आणि दोन कातरी मागवून आणल्या होत्या. मी बाजारातून तंगुसाचं रीळ आणलं होतं. न्हाणीघरात बादलीभर पाण्यात तंगूस भिजवून आम्ही परीक्षा घेतली. आजीची भाजी चिरायची सुरी, जिच्या धारेबद्दल या घरात ब्र काढायची सोय नाही, ती ओल्या, सैल तंगुसावरून चार वेळा सरकली. पावाची दातेरी सुरी दुसऱ्या फटक्याला चालली. आकडीने आवाजही केला नाही. कातरीने चौपदरी घडी एका दाबात कापली.

मग तिने जाकीट घातलं. आकडी डाव्या खांद्याच्या पट्ट्यावर, कातर कमरेला उजवीकडे. मी म्हटलं, डोळे मीट. खुर्चीला बसवून तिच्या पायांना आणि उजव्या हाताला तंगूस गुंडाळलं. "आता डाव्या हाताने काढ." ती हसायला लागली. पहिल्यांदा तिचा हात खांद्यावर भलतीकडेच गेला. मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होतो. एकवीस सेकंद. "पुन्हा," म्हटलं. तेरा. "पुन्हा." पाचव्या वेळेला हात न चाचपडता सरळ आकडीवर गेला. तेव्हा ती हसत नव्हती. "आजोबा, तुमचा आवाज वर्गातल्यासारखा झालाय," म्हणाली.

विमानात ही हत्यारं हातातल्या पिशवीत चालत नाहीत, सामानात टाकावी लागतात, हे तिला दोनदा सांगितलं. समुद्रातून आल्यावर गोड्या पाण्यात बुचकळून पुसायची. खिळीला थोडं खोबरेल लाव असं आजीचं म्हणणं.

एक आकडी आणि एक कातर ती घेऊन गेली. राहिलेली कातर आमच्या स्वयंपाकघरात दुधाच्या पिशव्या कापायला लागली आहे. तिच्यासाठी खिडकीजवळ एक खिळा मारलाय. राहिलेली आकडी माझ्या टेबलाच्या खणात आहे.